जनावर बघून बार

आमच्या घरी बंदूक होती असं सांगितलं की शहरातली माणसं जरा सरसावून बसतात. त्यांना वाटतं गढी असेल, बुरूज असेल, भिंतीवर वाघाचं मुंडकं असेल. तसलं काही नव्हतं. नायगावात आमचं माळवदाचं साधं घर. नायगाव तेव्हा बिलोली तालुक्यात होतं. बंदूक होती ती ज्वारी राखायला. एकनळी, बारा बोअरची. परवाना थोरल्या बापूंच्या नावावर, आणि त्यावर 'पीक संरक्षणासाठी' असं स्वच्छ लिहिलेलं.

बापू बंदुकीबद्दल फार बोलत नसत. बोलायचे ते काडतुसाबद्दल. "बंदूक काय गा, नळी हाय नळी. जनावर मरतंय ते काडतुसानं," असं ते म्हणत. हा काडतूस शब्द आपल्याकडं पोर्तुगीजांच्या बोलीतून आला, हे मला पुढं शाळेत मास्तर झाल्यावर कळलं. बापूंना तो जन्मापासूनचा आपला शब्द वाटत होता, विळा-कोयत्यासारखा.

त्यांच्या पत्र्याच्या डब्यात तीन-चार जातीची काडतुसं असायची. तितरासाठी बारीक छऱ्याची, सशासाठी त्याहून जाड छऱ्याची, आणि डुकरासाठी एस.जी. आणि एल.जी. एस.जी.चे मणी एका औंसाला आठ, एल.जी.चे सहा. एल.जी.चा एक मणी म्हणजे साडेचार ग्रॅम शिसं, आकारानं मोठ्या वाटाण्याएवढा. आणि 'बारा बोअर' म्हणजे काय, तर नळीच्या तोंडात बसेल अशा शिशाच्या गोल गोळ्या केल्या तर बारा गोळ्यांचा एक पौंड भरतो. एक गोळी सव्वातीन तोळ्यांची. हा हिशोब बापूंनी मला तागडीनं दाखवला होता. अंकगणित मला त्या तागडीनं जेवढं शिकवलं तेवढं पुस्तकानं नाही.

तेव्हाची काडतुसं पुठ्ठ्याची असायची. पावसाळ्यात ती हवेनं फुगायची आणि ऐन वेळेला नळीत जायची नाहीत. डुक्कर ज्वारीत, आणि हा माणूस चुलत्या-पुतण्याला शिव्या घालत काडतूस रेटतोय, असं चित्र गावात दरसाल दिसायचं. बापू मिरगाच्या आधी प्रत्येक काडतुसाला मेणबत्ती घासून ठेवत. त्यामुळं त्यांचा बार कधी अडला नाही.

त्यांचा एकच नियम होता. जनावर बघून बार भरायचा. "चार नंबरचा छर्रा डुकरावर टाकून काय व्हतंय? त्याला खाजवल्यावानी व्हतंय. आन् मग ते आपल्याला खाजवतंय."

हे नुसतं बोलणं नव्हतं. आमच्या आळीतला एक गडी हाक्याला गेला होता. मी तेव्हा दुसरीत असेन. ओढ्याच्या काठच्या शिंदीत डुक्कर होतं, मोठा एकल नर. पुढं बसलेल्याकडं जड काडतूस संपलेलं. त्यानं पन्नास-साठ पावलांवरून सशाचा छर्रा टाकला. डुकराच्या नराच्या खांद्यावर कातडीखाली कुर्चेसारखा एक जाड थर असतो, ढालीसारखा. तो मुळात त्यांनी आपसात सुळ्यांनी भांडताना कामी यावा म्हणून आहे. बारीक छर्रा त्यातच थांबतो. जनावर मागं फिरलं आणि हाक्याच्या रांगेत घुसलं. त्या गड्याची मांडी गुडघ्यापासून वर फाटली. तो वाचला, पण पुढं जन्मभर औत धरू शकला नाही. पारावर पाय लांब करून बसायचा आणि जनावरं राखायचा. ज्यानं बार टाकला तो दरसाल सुगीला त्याच्या घरी दोन पोती ज्वारी टाकायचा. कुणी त्याला सांगितलं नव्हतं आणि कुणी कधी त्याबद्दल बोललंही नाही.

बापूंच्या आधी आमच्या आज्याकडं ठासणीची बंदूक होती. तिच्यात सगळं हाताचं काम. दारू घालायची, चिंधी ठासायची, शिसं टाकायचं, पुन्हा चिंधी. गज नळीत उभा केल्यावर तोंडाबाहेर जास्तीचा किती राहतो ते बोटांनी मोजायचं. सशाला दोन बोटं, डुकराला चार बोटं. शिसं घरीच वितळवून ओतायचे. बंदूक जुनाट, बार उडेल का नाही याची खात्री नाही, पण एक गोष्ट होती: बारात काय घालायचं ते आज्याच्या हातात होतं. जनावर मोठं तर दारू जास्त आणि शिशाचा गोळा अख्खा. निजामाचं राज्य होतं तोवर ती बंदूक घरात राहिली. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, त्यानंतर हत्यारं जमा करून घेतली त्यात ती गेली. आज्यानं ती परत मागितली नाही.

मोठ्या जनावराला मोठा बार, हे आज्याला कळत होतं, बापूंना कळत होतं, त्या सुगीला ज्वारी देणाऱ्यालाही कळत होतं. मग आमच्या भागात सांबराला, वाघाला साजेलशी रायफल आणि काडतूस कुणाकडं का नव्हतं? पैसा नव्हता हे एक झालं. पण ज्यांच्याकडं पैसा होता त्यांच्याकडंही नव्हतं. हा प्रश्न माझ्या डोक्यात बरीच वर्षं राहिला. वाचत गेलो तसं लक्षात आलं, की काडतूस कोणतं हे आपल्या मुलखात जनावराकडं बघून ठरलंच नाही. ते सरकारच्या भीतीनं ठरलं.

नायगावच्या माळावर मोठं जनावर म्हणजे डुक्कर, रोही आणि काळविटांचे कळप. खरं रान उत्तरेला, भोकरच्या पुढं हिमायतनगर, इस्लापूर, किनवट, माहूर. तिथं सागवान, तिथं वाघ, अस्वल, सांबर. मधून पैनगंगा. नदीच्या अलीकडं निजाम, पलीकडं वऱ्हाड, म्हणजे इंग्रजांचा कारभार. अलीकडं जखमी झालेला वाघ रात्रीतून पलीकडं गेला की तो दुसऱ्या सरकारचा. अलीकडं परवाना अव्वल तालुकदाराच्या कचेरीतला आणि पलीकडं इंग्रजांच्या १८७८ च्या हत्यार कायद्याचा. पण काडतूस दोन्हीकडं एकच. हैदराबाद संस्थानाला समुद्र नव्हता. विलायती माल मुंबईच्या बंदरातून यायचा, आणि बंदर इंग्रजांचं. तिथं जे उतरू दिलं तेच आपल्या दुकानात.

हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, १९०३ पर्यंत. या कंटिंजंटमधल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना शिकारीचं वेड होतं. त्यातल्याच आर. जी. बर्टन यांनी दख्खनमधल्या शिकारीवर १९२८ साली जाडजूड पुस्तक काढलं. त्यांच्याही आधी, १८६० च्या दशकात, मध्य प्रांतात जंगल खात्यात असलेल्या जेम्स फोरसाइथ या कप्तानानं शिकारी रायफल आणि तिची गोळी या विषयावरच एक पुस्तक लिहिलं होतं. म्हणजे जनावराला कोणतं काडतूस, हा वाद दीडशे वर्षांहून जुना आहे आणि त्यातला बराचसा आपल्याच आसपासच्या रानात घडला.

फोरसाइथच्या काळी काळी दारू होती. काळ्या दारूनं गोळीला फार वेग देता येत नाही. मग ताकद वाढवायची तर गोळीच जड करायची. त्यामुळं साहेबांच्या बंदुका तोफेच्या धाकट्या बहिणी असायच्या. एक माणूस नेमायला आणि एक माणूस नुसता उचलायला. १८९० च्या दशकात बिनधुराची दारू आली आणि सगळं बदललं. १८९८ साली लंडनच्या जॉन रिग्बीनं .४५० चं नवं काडतूस आणलं. इथं आकडा म्हणजे नळीची रुंदी, इंचात; .४५० म्हणजे साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास. हत्ती, गवा, वाघ, सगळ्यांना पुरून उरेल असं ते काडतूस. हिंदुस्थानातले साहेब, राजे, नवाब सगळे त्यावर खूश झाले.

आणि १९०७ च्या सुमारास इंग्रज सरकारनं हिंदुस्थानात आणि सुदानात .४५० वर बंदी घातली.

कारण काय, तर फौजेची जुनी मार्टिनी-हेन्री रायफल. तिचीही नळी .४५० चीच. सरहद्दीवर आणि सुदानात या जुन्या रायफली बंडखोरांच्या हाती लागलेल्या होत्या. साहेबाच्या शिकारीसाठी आलेली गोळी उद्या त्यांच्या नळीत जाईल, ही भीती. वाघाला काय लागेल याचा त्यात विचारच नव्हता.

विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी मग काय केलं? नळी केसभर रुंद केली. .४६५, .४७०, .४७५, .४७६. अशी एकामागून एक काडतुसं दोन-चार वर्षांत बाजारात आली. सगळ्यांचं काम एकच, गोळी जवळपास ५०० ग्रेनची, म्हणजे साडेबत्तीस ग्रॅम. नुसता कायद्याचा आकडा चुकवायचा. यातलं .४७० आजही आफ्रिकेत हत्तीसाठी वापरतात. जगभरातले शिकारी ज्याची तारीफ करतात ते काडतूस हिंदुस्थानच्या बंदीपोटी जन्माला आलं, हे वाचून मला हसू आलं होतं. आपल्याकडं नियम निघाला की वाट निघते, ही रीत इंग्रजांनीही लगेच उचललेली दिसते.

पण ही वाट ज्याच्या खिशात लंडनची दुनळी रायफल घ्यायची ताकद आहे त्याच्यासाठी. सहावे निजाम महबूब अली खान वाघाचे मोठे शिकारी. १९०२ साली लॉर्ड कर्झन वरंगलकडं नेकोंड्याला वाघाच्या शिकारीला आला, त्याचे राजा दीनदयाळ यांनी काढलेले फोटो अजून छापले जातात. या मंडळींना काडतुसाची ददात नव्हती.

राहिला मधला माणूस. देशमुख, मोठा कास्तकार, वकील, जंगलातला कंत्राटदार. त्याला फौजेची .३०३ चालली असती. पण ती फौजेची, म्हणून तीही बंद. मग त्याच्यासाठी .३१५ आली. हिची कथा आणखी मजेची. काडतूस मूळचं ऑस्ट्रियाच्या फौजेचं, मानलिखर रायफलीचं, १८९० च्या आगेमागे निघालेलं. हिंदुस्थानी फौजेत ते कुठंच नव्हतं, म्हणून सरकारला निर्धास्त. बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कारखान्यानं आपल्या फौजेच्या ली रायफलीच्या घाटावरच या काडतुसाची नळी बसवून ती हिंदुस्थानात विकायला पाठवली. स्वातंत्र्यानंतर बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यानं तीच चालू ठेवली. .३०३ आणि .३१५ यांच्यात फरक किती? एक मिलिमीटरचा तिसरा हिस्सासुद्धा नाही. ज्वारीच्या दाण्याची रुंदीही याच्या दहापटीहून जास्त भरेल. तेवढ्या फरकावर एक काडतूस कायदेशीर आणि दुसऱ्याला तुरुंग.

इस्लापूरच्या आमच्या मामांकडं ही तीनशे पंधरा होती. मामा लाकडाच्या धंद्यात. साठच्या दशकात मी सुट्टीला गेलो की ते तिचं काडतूस माझ्या हातावर ठेवायचे. गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे जवळपास १६ ग्रॅम. वजन चांगलं, पण चाल मंद. सेकंदाला दोन हजार फुटांच्या आसपास. लांबवर ती फार खाली पडते. मामा दीडशे पावलांपलीकडं बार टाकतच नसत. काडतुसाच्या बुडावर के.एफ. अशी अक्षरं होती. के. म्हणजे किरकी, आपली पुण्याची खडकी. तिथला दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालचा. मराठवाड्याच्या रानात सांबर पडायचं ते पुणेरी गोळीनं, असं मामा हसत सांगायचे.

१९१२ साली हॉलंड अँड हॉलंडनं .३७५ मॅग्नम काढलं. ३०० ग्रेनची गोळी, वेग अडीच हजार फूट. आफ्रिकेतल्या कित्येक देशांत धोक्याच्या जनावराला याहून बारीक काडतूस वापरायला कायद्यानंच मनाई आहे. तिथल्या कायद्यानं निदान जनावराकडं बघितलं. .३१५ ची ताकद या .३७५ च्या जवळपास निम्मी. मामांना हे आकडे ठाऊक नव्हते, पण अंदाज बरोबर होता. "वाघाला तीनशे पंधरा पुरतंय. पण पुरतंय म्हणजे जेमतेम. जागा चुकली की मग देवाचं नाव."

वजन आणि वेग एवढ्यावरच काडतूस ठरत नाही. गोळीचं नाक कसलं आहे यावर अर्धं काम. संबंध तांब्यासारख्या कठीण पत्र्यानं मढवलेली गोळी कातडं, मांस, हाड भेदून सरळ पलीकडं जाते. हत्तीला, गव्याला तीच हवी, कारण आत पोचणंच अवघड. पण वाघ, बिबट्या, सांबर यांचं अंग तेवढं जाड नाही. कठीण गोळी आरपार जाते आणि जनावर मैलभर पळून कुठंतरी कुढत मरतं. त्यांना मऊ नाकाची गोळी, टोकाला शिसं उघडं ठेवलेली. ती आत शिरली की धोतऱ्याच्या फुलासारखी उमलते आणि सगळी ताकद अंगातच सोडते.

ही मऊ नाकाची अक्कल जगभर गाजली ती आपल्याकडच्याच एका गावाच्या नावानं. कलकत्त्याजवळ डमडम नावाचा दारूगोळ्याचा कारखाना. १८९५ च्या चित्रालच्या मोहिमेत गोऱ्या फौजेची तक्रार झाली की .३०३ ची मढवलेली गोळी लागूनही माणूस थांबत नाही. डमडमला बर्टी-क्ले नावाच्या कप्तानानं गोळीचं नाक उघडं केलं. त्या जखमा इतक्या भयंकर निघाल्या, की १८९९ साली हेगच्या परिषदेत असल्या गोळ्या लढाईत वापरू नयेत असा ठराव झाला. माणसाला जी गोळी अमानुष ठरली तीच जनावराला दयेची. मामा हे फार गांभीर्यानं सांगायचे. त्यात काही विसंगत आहे असं त्यांना वाटत नव्हतं, आणि विचार केल्यावर मलाही वाटत नाही. लढाईत माणूस जखमी झाला तर त्याला उचलणारं कुणी असतं. जखमी सांबराला कोण उचलणार?

आणखी एक गोष्ट पुस्तकातून कळली आणि बापूंची आठवण झाली. कॉर्डाइट नावाची जी विलायती बिनधुराची दारू होती तिला ऊन सोसायचं नाही. थंड मुलखात भरलेलं काडतूस आपल्याकडच्या मे महिन्यात, ४४ अंशांत, जास्त जोरानं पेटायचं. नळीवर दाब वाढायचा आणि पितळी नळकांडं आत चिकटून बसायचं. समोर वाघ आणि रिकामं काडतूस निघत नाही, यासारखी वेळ नाही. म्हणून हिंदुस्थानसाठी दारू थोडी कमी घालून वेगळी काडतुसं भरत आणि डब्यावर तसं छापत. मोठ्या शिकारीची जुनी काडतुसं एवढी लांबलचक दिसतात त्याचंही एक कारण हेच, आत मोकळी जागा म्हणजे दाब कमी. बापूंचा काडतुसाचा डबा उन्हाळाभर माजघरात, पाण्याच्या रांजणामागं असायचा. त्यांना कॉर्डाइट माहीत नव्हतं. "गरम बार लाथ जास्त मारतंय," एवढंच म्हणायचे.

जिम कॉर्बेटची गोष्ट इथं आल्याशिवाय राहत नाही. ज्या १९०७ सालाचा वर उल्लेख आला त्याच साली त्यानं कुमाऊँमधली चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिनं ४३६ माणसं खाल्ली होती. मेल्यावर बघितलं तर तिचे उजव्या बाजूचे वरचे-खालचे सुळे तुटलेले. जुन्या बंदुकीच्या गोळीनं. तिला तिचं नेहमीचं भक्ष्य मारता येईना म्हणून ती माणसावर आली. कुणीतरी कुठंतरी एक बार टाकला, जनावर जखमी होऊन निघून गेलं, आणि त्याचा हिशोब नेपाळ आणि कुमाऊँच्या गवत कापणाऱ्या बायकांनी चुकता केला. या शिकारीबद्दल कॉर्बेटला जी रायफल बक्षीस मिळाली ती .२७५ रिग्बी. गोळी जेमतेम १४० ग्रेनची. याच रायफलीनं त्यानं १९२६ साली रुद्रप्रयागचा बिबट्या मारला. हे वाचून काही लोक म्हणतात, बघा, बारीक काडतुसानंही भागतं. मला हा युक्तिवाद पटत नाही. कॉर्बेटच्या हाताला जे भागलं ते सगळ्यांच्या हाताला भागेल असं धरून काडतूस निवडायचं नसतं. आणि कॉर्बेटसुद्धा वाघाला जड दुनळी, .४५०/४०० ची, बाळगून होताच.

आमच्याकडं जे झालं ते याच्या उलट. ज्याला तीनशे पंधराही परवडत नव्हती, किंवा रायफलीचा परवानाच मिळत नव्हता, तो बारा बोअर घेऊनच किनवटच्या रानात जायचा. नळीत एल.जी. एल.जी.चे मणी तीस पावलांच्या आत एकत्र असतात, तिथं ते भारी. पुढं ते विखरतात आणि हलके असल्यानं दमही तोडतात. पन्नास पावलांवर वाघाला दोन मणी पोटात आणि एक पायात. मामा सांगायचे, त्यांच्या नदीकाठच्या रानात लंगडं नसलेलं मोठं जनावर दिसलं की नवल वाटायचं. हे थोडं वाढवून असेल. पण एकदा त्यांनी मारलेल्या सांबराच्या खांद्यात जुने दोन मणी निघाले, त्यावर मांस वाढून गाठी झालेल्या. त्या गाठी मी हातात घेऊन बघितल्यात.

१९७० साली देशभर वाघाच्या शिकारीवर बंदी आली. १९७२ च्या सप्टेंबरात वन्यजीव संरक्षण कायदा झाला. ते साल आमच्याकडं दुष्काळाचं. खडी फोडायला गेलेल्या माणसांना वाघाचा कायदा झाला हे कळायला बरीच वर्षं लागली. मामांनी तीनशे पंधरा दुकानात विकून टाकली. मला विचाराल तर कायदा उशिरा आला. किनवट-माहूरच्या रानात तोवर मोजकंच उरलं होतं.

बापूंची एकनळी राहिली, पिकासाठी. पण तिचं आयुष्य आता वेगळं झालं. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायची, झाली की आणायची. काडतुसं वर्षाला मोजून मिळायची. बापू गेल्यावर वारसांपैकी कुणाला ते परवान्याचे हेलपाटे नको होते. बंदूक नांदेडच्या विक्रेत्याकडं ठेव म्हणून गेली आणि तिथंच तिचा विषय संपला.

डुकरांचा विषय मात्र संपला नाही, तो वाढला. आता ज्वारी कमी, सोयाबीन, हरभरा आणि ऊस जास्त. उसात डुकराला सावली, पाणी, खाणं सगळं एका जागी. रोही तर दिवसाढवळ्या कळपानं हरभऱ्यात उतरतात. पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोंच्या वर भरतो, एका रात्रीत एकराचं काय करतो ते ज्यानं सकाळी जाऊन बघितलंय त्यालाच विचारावं. राज्य सरकारनं २०१५ साली आदेश काढला, पिकाचं नुकसान करणारी रानडुकरं आणि रोही वनखात्याची रीतसर परवानगी घेऊन मारता येतील. परवाना असलेली बंदूक पाहिजे. ज्यांच्याकडं ती नाही त्यांच्यातले काही कुंपणात वीज सोडतात, आणि मग सकाळी डुकराऐवजी शेजारचा माणूस तारेला चिकटलेला सापडतो. अशा बातम्या दरसाल येतात.

परवानगीच्या या सगळ्या बोलण्यात शेत कुणाचं, नुकसान किती, जनावरं किती, हे सगळं येतं. नळीत काय घालणार, हे मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. गावात ज्या चार-दोन बंदुका उरल्यात त्या बारा बोअरच्या. दुकानात जे असेल ते काडतूस. सरकारी कारखान्याची .३१५ आजही निघते, पण पिकासाठी रायफल माग म्हटलं तर कचेरीतला बाबू माणसाकडं वरपासून खालपर्यंत बघतो. रोह्याला बारा बोअरनं मारायचं असेल तर अख्ख्या गोळीचं काडतूस हवं, एक औंसाच्या वरची एकच गोळी, आणि चाळीस पावलांच्या आत जायची तयारी हवी. डुकराला एल.जी. चालेल, पण बांधावरून नाही, जवळून.

हे सगळं मी दोन वर्षांखाली आमच्या भाच्याला सांगितलं होतं. त्याचं शेत कुंटूरकडं. त्याच्या शेजाऱ्याला परवानगी मिळाली होती आणि बंदूकवाला बाहेरगावाहून येणार होता. "मामा, तुम्ही बापूवानी बोलायलाव," असं म्हणून तो हसला, पण त्यानं त्या माणसाला फोन करून विचारलं. त्या माणसाकडं एकच जात होती, तितराच्या छऱ्याची. दुसरी काडतुसं मागवायची तर आठवडा लागणार होता, आणि परवानगीचे दिवस मोजके. शेजारी म्हणाला, आलाय तर टाकू द्या बार.

त्यानं टाकला. डुक्कर उसात गेलं. त्या रात्री आणि पुढच्या दिवशी त्या फडात ऊस तोडायला कुणी गेलं नाही. टोळीच्या मुकादमानं बाया-पोरांना बैलगाडीच्या वर चढवून बसवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी कुत्र्यांनी ते काढलं, पाटाच्या कडेला, चिखलात. जिवंत होतं. दोन्ही डोळे गेलेले होते. भाच्यानं कुऱ्हाडीनं ते संपवलं आणि मला संध्याकाळी फोन केला. बराच वेळ तो काही बोललाच नाही. मग विचारलं, "एल.जी. नांदेडला कोणत्या दुकानात मिळतंय, मामा?"